आमिनाभाभीनं ठेवलेलं नाव

अमरावती
६ जानेवारी २०२५

प्रिय कुर्बान,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्या दोन वेळा थंडीवर लिहीत बसलो आणि मुद्द्याजवळ येईपर्यंत पान संपलं. म्हणून या वेळी आधी मुद्दा. आपलं 'पाटीपेन्सिल डॉट इन' गेलं.

परवा सकाळी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. अकोटच्या शालिकरामनं आपल्यासाठी म्हटलेली ती नदीची कविता ऐकावीशी वाटली. शेवटच्या कडव्याला तो आवाज असा खाली आणतो की नदी खरंच दूर गेल्यासारखी वाटते. मोबाईलवर नाव टाकलं. ना पाटी, ना पेन्सिल, ना आपल्या साठ-सत्तरीतल्या पोरांचे आवाज. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती, हे नाव आता मोकळं आहे म्हणून.

घाबरून पौर्णिमेला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, वेबसाइटचं नाव कायमचं आपलं नसतं, दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. आपली मुदत ऑक्टोबरात संपली, साइट मात्र या आठवड्यापर्यंत दिसत राहिली. आठवण करून देणारी मेल आली नाही का, असं तिनं विचारलं.

आली होती रे. सात-आठ वेळा आली. साइटच्या मेलचा पासवर्ड माझ्याचकडे. पण सगळा मजकूर लाल इंग्रजी अक्षरांत: शेवटची संधी, त्वरा करा, ताबडतोब भरा! बँकेतली मुलगी सांगते, पौर्णिमा सांगते, रोजचा पेपर सांगतो, की अशी घाई करणारी मेल म्हणजे चोर, उघडायची नाही, पुसून टाकायची. मी जन्मभर मुलांना 'सूचना नीट पाळा' म्हणून ओरडलो. मी सूचना पाळली. एकेक मेल पुसून टाकली आणि वर शहाणपणाचा आनंद मानला.

साइटच्या तळाशी जी ओळ होती, तिच्याबद्दल मला तुला लिहवत नाही.

तुझ्या पोराला, इमरानला विचार, आवाज तरी त्याच्याकडे आहेत ना?

तुझा
सूर्यभान

❖

अकोला
११ जानेवारी

मास्तर,

तुयं पत्र भेटलं. पयल्या ओळी वाचून वाटलं कोणी मेलं. पुढं वाचलं तवा समजलं का फक्त वेबसाइट मेली. अशी पत्रं पाठवत जाऊ नको बापा, आपल्या वयाले सोसत नाही.

आवाज सारे आहेत. इमराननं त्याच्या कंप्युटरच्या डब्यात ठेवले आहेत, मले दाखवले बी. दाखवलेच, कारण ऐकू तं मले येत नाही. कानाची मशीन लावली का साऱ्या जगात टेबलपंखे फिरून राहिले असं वाटते. म्हणून तं फोन सोडून तुयासंग कागद काळे करून राहिलो.

नाव गेलं तर गेलं. नाव म्हणजे काय, दुकानाची पाटी. आपल्या शाळेवरची पाटी तं तीनदा बदलली, पोरं शिकाची थांबली का? तू काहून एवढं मनाले लावून घेतं? तुया डोयाचं आपरेशन आताच झालं. रडू नको, नाहीतर डागदर मलेच बोलेल.

इकडं वह्यांचं काम थोडं आहे. आता पोरं बी मोबाईलवरच अभ्यास करतात म्हणे. पार्वतावयनीले सलाम.

कुर्बान

❖

अमरावती
१५ जानेवारी

चि. पौर्णिमा हिस अनेक आशीर्वाद,

कुर्बानकाकांचं पत्र आलं. एका पानात तीन विनोद आहेत. हा माणूस भाभी गेल्या त्या दिवशीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसवत होता. तेव्हापासून मला त्याच्या विनोदांची भीती वाटते.

तुला सगळं ठाऊक नाही, म्हणून सांगतो. काकांचं बाइंडिंगचं दुकान आणि नगरपालिकेची शाळा यांच्यामध्ये एकच भिंत. आमिनाभाभी दिवसभर त्या भिंतीला टेकून वह्यांच्या पाठींना खळ लावायच्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून कविता ऐकू यायच्या. चौथीचा आणि पाचवीचा वर्ग एकाच वेळी म्हणायचा, त्यामुळे भाभींच्या डोक्यात पावसाची कविता आणि चिमणीची कविता मिळून एकच झाली होती. ती त्या एका दमात, अगदी शाळेच्या चालीत म्हणायच्या. मी हसलो तर म्हणायच्या, "मास्तर, तुमीच दोघायले एका टायमाले शिकवलं, माया काय दोष?"

त्यांचं ते ऐकूनच मला सुचलं की शाळेतल्या कविता आणि त्यांच्या चाली जमवाव्यात. लोक फोनवर म्हणायचे, इमरान टेप करून चढवायचा. नाव काय द्यावं यावर मी आणि कुर्बान आठवडाभर भांडलो. मी काव्यमय नावं काढत होतो. भाभी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाटीपेन्सिल म्हना ना, झालं." म्हणून साइटच्या तळाशी आम्ही लिहिलं होतं: 'या पाटीचं नाव आमिनानं ठेवलं.'

त्यांच्या घरात कबरीवर दगड लावत नाहीत. दुकान कुर्बानच्या अब्बांच्या नावावर, घर इमरानच्या. भाभींचं नाव लिहिलेली या जगात तेवढी एकच जागा होती, पोरी, आणि ती माझ्या हातानं पुसली गेली. काकांना आता टेपवरचा त्यांचा आवाज ऐकू येत नाही. ती ओळ तेवढी दिसायची. दुकान उघडलं की आधी ते ती ओळ बघायचे, इमराननंच मला सांगितलं आहे.

ते नाव मला परत हवं आहे. काय करावं लागतं ते मला पत्रानं कळव, फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही. आणि काकांना यातलं काही कळता कामा नये. मिळालं नाही तर त्यांना दुसऱ्यांदा दुःख व्हायला नको.

तुझे
बाबा

❖

नागपूर
१९ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न.

फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण तुम्हाला पत्रच हवं, म्हणून लिहिते.

मुदत संपल्यावर जुन्या मालकाला काही आठवडे सवलत असते. ती संपली. आता ते नाव लिलावात निघालं आहे. आपल्या बाजार समितीत कापसाची बोली लागते तसंच, फक्त माणसं दिसत नाहीत. रविवारी, नऊ फेब्रुवारीला दुपारी चार वाजता संपेल. तोवर ज्याची बोली वर, नाव त्याचं. मी माझ्या खात्यातून तुमच्या वतीनं बोली लावत जाईन.

पडद्यावर आपली बोली वर असली की हिरवा रंग दिसतो, दुसऱ्या कुणाची वर गेली की लाल. तो दुसरा कोण, एकच आहे की दहा, हे लिलाव संपेपर्यंत कळत नाही. मी आजच पहिली बोली लावली. तासाभरात लाल झाली. म्हणजे आणखी कुणाला तरी ते हवं आहे. अशी नावं घेऊन ठेवायची आणि मग चढ्या भावानं विकायची, हा काही लोकांचा धंदाच असतो.

एक सुचवू का? कुर्बानकाकांना सांगून टाका. मिळो न मिळो, दोघांनी मिळून प्रयत्न केला असं तरी होईल. तुम्ही दोघं एकमेकांना जपण्याच्या नादात काहीच धड बोलत नाही, असं आई म्हणते. मी म्हणत नाही, आई म्हणते.

तुमची
पौर्णिमा

❖

अमरावती
२५ जानेवारी

प्रिय कुर्बान,

तुझं म्हणणं मला पटलं. मी आता त्या नावाचा विचार सोडून दिला आहे.

काल संध्याकाळी मैदानावर फिरायला गेलो होतो. पश्चिमेला आभाळ असं झालं होतं जसं कोणी फळा पुसला आहे पण रंगीत खडूची भुकटी राहून गेली आहे. मनात आलं, पाटी ही पुसण्यासाठीच असते. पुसली नाही तर पुढची ओळ लिहायची कुठं? मी हे मुलांना शेकडो वेळा सांगितलं असेल, स्वतःला प्रथमच सांगितलं. फार हलकं वाटलं. झोपही लागली.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. पार्वतानं तिळाचे लाडू केले आहेत. अकोल्याकडे जाणारं कोणी भेटलं तर पाठवते म्हणाली. मी म्हटलं, कुर्बानचे दात कुठे राहिले आहेत? ती म्हणाली, "तुमचे तरी कुठं आहेत? खाताच ना!"

तुझा
सूर्यभान

❖

अकोला
३० जानेवारी

मास्तर,

वा! आभाळाले फळा पुसलेला म्हणनारा तूच. हे वाचलं आन् समजलं का तू आता बरा झाला. तू दुःखात असला का साधी भाषा लिवतं. खुश झाला का आभाळात चढतं.

मी बी इसरलो ते सारं. तुया पत्राआधीच इसरलो होतो. सकाळी दुकान उघडतो, चहा घेतो, कामाले लागतो. तिकडं ध्यान बी जात नाही.

इमरान आजकाल दिवसभर मोबाईलात डोकं घालून बसते. मधीच शिव्या देते. मी इचारलं कोणाले देऊन राहिला, तं म्हणते कोणाले नाही अब्बा, एक गिधाड आहे. काय खेळ आहे कोणास ठाऊक.

लाडू पाठव. दात नसले तरी हिरड्या मजबूत आहेत.

कुर्बान

❖

अमरावती
४ फेब्रुवारी

चि. पौर्णिमा,

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला. पुन्हा लाल! हा कोण नीच माणूस आहे? आपण जरा चढलो की हा त्याच्यावर पाय ठेवून चढतो. याला काय करायचं आहे आमच्या पाटीपेन्सिलचं? याला चौथीची एक तरी कविता पाठ आहे का? आयुष्यात कधी कोणाला मनापासून शाप दिला नव्हता, पंधरा दिवसांत सगळी उधारी फिटली. तुझी आई म्हणाली, "मास्तर असून असं बोलता?" मी म्हटलं, निवृत्त मास्तर आहे.

पण आज काकांचं पत्र आलं आणि मी जरा थांबलो. ते म्हणतात, मी विसरलो, तिकडे लक्षही जात नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं तेव्हा मला खोटं वाटलं. आता दुसऱ्यांदा लिहिलं. शिवाय लाडू मागितले आहेत. ज्याच्या मनाला लागलं आहे तो लाडू मागत नाही.

मग मी हे कोणासाठी करतो आहे? भाभींसाठी? त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "दुसरं नाव ठेवा ना, झालं." बहुतेक मी माझ्या स्वतःसाठीच भांडतो आहे. माझी चूक पुसली जावी म्हणून. आणि मला हट्टाला पेटलेलं पाहून तू तुझ्या संसारातल्या पैशांतून बोली चढवत चालली आहेस, हेही मला दिसतं.

तेव्हा असं कर. रविवारी शेवटच्या दहा मिनिटांत आपली एक बोली लाव. हिरवी राहिली तर भाभींचं नशीब. त्या माणसानं पुन्हा लाल केली, तर हात खाली घे. नेऊ दे त्याला.

तुझे
बाबा

❖

अकोला
१४ फेब्रुवारी

मास्तर,

आज विनोद करत नाही. तुयापासून एक गोष्ट लपवली, ते सांगतो.

तुयं पयलं पत्र आलं तवा त्याच्यावर शाई फुटली होती. दोन जागी. तू नळाखाली बसून पत्र लिवत नाही हे मले माहीत आहे. म्हणलं हा म्हातारा या पायी खाट धरते. तुले लिवलं का नाव गेलं तर गेलं, आन् त्याच दिवशी इमरानले बसवलं. म्हणलं, काही कर पण मास्तरचं नाव मास्तरले वापस पायजे. त्यानं शोधून काढलं का त्याचा लिलाव चालू आहे. आमी बोली लावली. वाटलं, भेटलं का एक दिवस तुले पत्र टाकीन का जरा उघडून पाय. तुयं थोबाड कसं होईल याचाच इचार करत दिवस जात होते.

पण कोणीतरी एक होता. आमी लावली का तो वर. आमी लावली का तो वर. मी त्याले गिधाड म्हणत होतो. इमराननं तं त्याच्या सात पिढ्या काढल्या. खुदा माफ करो, मी बी थांबवलं नाही.

मंग तुयं पत्र आलं, फळा पुसल्याचं. तू हलका झाला, तुले झोप लागली. इमरान म्हणे, अब्बा, चाचाले आता काही वाटत नाही, आपन काहून भांडून राहिलो? मी म्हणलं रविवारी शेवटपर्यंत बसू. त्या दिवशी आमची बोली वर होती. शेवटच्या दहा मिनिटांत लाल झाली. इमरान म्हणे, लावू का अजून? मी म्हणलं, राहू दे. मास्तर सुखी आहे. गिधाडाले खाऊ दे.

आता तिथं पत्त्याचा जुगार चालते. रमी. कालच सुरू झाला. एक बाई हसते आन् पत्ते उडतात. तू उघडून पाहू नको, म्हणून आधी सांगतो.

मास्तर, अजून एक बोली लावली असती तं भेटलं असतं का? हेच इचाराले पत्र लिवलं.

कुर्बान

❖

अमरावती
२० फेब्रुवारी

प्रिय कुर्बान,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली आहे. रोज उत्तर लिहायला बसतो आणि तुला हाक मारण्यापलीकडे जात नाही.

ते गिधाड मी होतो.

पौर्णिमा नागपुरातून बोली लावत होती. मी तिला शपथ घातली होती की तुला कळू द्यायचं नाही. तुझे विनोद मला खरे वाटले नाहीत, म्हणून मी बोली लावायला लागलो. आणि फळा पुसल्याचं जे लिहिलं, ते सगळं तुझ्यासाठी रचलेलं होतं. मला झोप लागत नव्हती. त्या संध्याकाळी मी फिरायलाही गेलो नव्हतो, आभाळ खिडकीतूनही पाहिलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या. म्हातारपणी स्वतः एक बनवली, ती इतकी चांगली जमली की तू विश्वास ठेवलास.

तू अजून एक बोली लावली असतीस तर मिळालं असतं का, हे मी पौर्णिमेला विचारलं. लिलाव संपल्यावर सगळ्या बोलींची नोंद उघडी होते. बोली लावणारे तीन होते. एक आपली पौर्णिमा, एक तुझा इमरान. तीन आठवडे ही दोघंच होती, एकमेकांच्या डोक्यावर पाय देत. तिसरा माणूस शेवटच्या दहा मिनिटांत आला. त्यानं एकच बोली लावली. तुझ्यावर मी चढलो होतो, माझ्यावर तो. मला वाटलं तोच जुना नीच, म्हणून मी हात खाली घेतला. तुला वाटलं तेच गिधाड, म्हणून तू घेतलास. पौर्णिमा म्हणते, त्याला मुळात फार नको होतं. कोणी पुन्हा वर गेलं असतं तर तो बहुधा निघून गेला असता.

म्हणजे चार वाजता तू अकोल्यात आणि मी अमरावतीत, एकाच पडद्याकडे बघत बसलो होतो. मी म्हणत होतो, कुर्बान विसरला. तू म्हणत होतास, मास्तर सुखी आहे.

त्या रमीच्या मालकाकडून नाव परत मागावं का, म्हणून पौर्णिमेनं विचारून पाहिलं. त्यानं उत्तरही दिलं नाही. ती म्हणते, बाबा, दुसरं जवळपासचं नाव घेऊ, आवाज सगळे आहेतच, दोन दिवसांत उभं करून देते. मी म्हटलं, कुर्बानकाकांना विचारून सांगतो. म्हणून विचारतो आहे. या वेळी मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मीही तुझ्यासाठी काही लिहिणार नाही. हवं असेल तर हो म्हण, नको असेल तर नको म्हण.

तुझा
सूर्यभान

❖

अकोला
२६ फेब्रुवारी

मास्तर,

नको.

तिनं एकच ठेवलं होतं. दुसरं आपन ठेवू, ते आपलं होईल, तिचं नाही. पौर्णिमाले म्हणा, बेटा, रागावू नको.

इमरानले सांगितलं का ते गिधाड सूर्यभानचाचा होता. तो हसला नाही. उठून बाहेर गेला, बऱ्याच वेळानं आला.

तू खरं लिवाले सांगितलं, म्हणून लिवतो. जानेवारीत तुले लिवलं का नाव गेलं तर गेलं. ते लिवताना दिवसाढवळ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. एक गिऱ्हाईक वाकून आत पाहून गेलं, म्हणे चाचा, आज बंद आहे का? मी म्हणलं, हो. दोन दिवस तसंच ठेवलं.

आपन दोघंही खोटं चांगलं लिवतो मास्तर. शाळेत दोघायलेही निबंधाले बक्षीस भेटलं होतं, तवाच कोणी कानाखाली वाजवाले पायजे होती.

कुर्बान